आधी बंदर ठरवा, जहाज मागून

दर्यावाटा : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त पर्सरची (जहाजावरचा हिशेब आणि प्रवाशांची कामं बघणाऱ्या अधिकाऱ्याची) उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये क्रूझची चौकशी नेहमीसारखीच आहे, पण बहुतेकांना समुद्राची भीती नाही, भीती आहे ती विमानाची. दहा-पंधरा तास एका खुर्चीत बसवत नाही आणि पाहायचं असतं ते नेमकं जगाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून या महिन्याचं सदर त्याच एका प्रश्नाला दिलं आहे.

प्रश्न : काका, मी निवृत्त मुख्याध्यापिका. यजमानांचं वय बहात्तर, दोन्ही गुडघे बदललेले आणि पायांच्या शिरा फुगलेल्या. मागे मुलाकडे शिकागोला गेलो, तेव्हा विमानातून उतरताना त्यांचा पाय बुटात जाईना. सूज आठवडाभर होती. तेव्हापासून ते लांबच्या विमानाला तयार नाहीत. पण हिमनदीचा कडा समुद्रात कोसळताना एकदा बघायचा, ही त्यांची फार जुनी इच्छा आहे. टूरवाल्यांनी अलास्काची क्रूझ सुचवली आहे, त्यात मुंबईहून निघाल्यावर थेट सिएटललाच मुक्काम. मुलगा म्हणतो बिझनेस क्लासने जा, पण तो खर्च आम्हाला झेपणारा नाही. काय करावं? (सांगली)

उत्तर : ताई, पैसे भरण्याआधी यजमानांना घेऊन डॉक्टरांकडे जा. मिरज तुमच्या शेजारी आहे, तिथे शिरांचे चांगले डॉक्टर मिळतील. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रवास आणि रक्ताच्या गुठळ्या या विषयावर अहवाल काढला होता. चार तास किंवा त्याहून लांबचा प्रवास केल्यावर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात आहे. एरवी हा धोका कमीच असतो, अशा प्रवासानंतरही सहा हजारांत एक, म्हणून धसका घ्यायचं कारण नाही. पण सत्तरी ओलांडलेली, शिरा फुगलेल्या आणि मागच्या प्रवासातली सूज, एवढं एकत्र आलं की त्यांचा हिशेब वेगळा होतो आणि तो डॉक्टरांनीच मांडायला हवा. सूज दोन्ही पायांना होती की एकाच, पोटरी दुखत होती का, हे आठवून सांगा. दाबाचे मोजे घालायचे की नाही, कोणत्या मापाचे, रक्त पातळ करणारं औषध लागेल का, हेही त्यांनाच विचारा. मोजे अंदाजाने दुकानातून आणू नका. चुकीच्या मापाचे मोजे गुडघ्यामागे करकचून बसतात आणि उलटाच त्रास होतो.

त्या अहवालातली आणखी एक गोष्ट लोक विसरतात. धोका विमानापुरता नाही. मोटार, बस, रेल्वे, कशातही न हलता बसलं की तोच प्रकार. सांगलीहून मुंबई विमानतळ म्हणजे गाडीत सात-आठ तास, त्यापुढे तीन तास रांगा आणि खुर्च्या, मग विमान. तुमच्या यजमानांचा पाय विमानात बसण्याआधीच सुजायला लागत असणार. कुठलीही सफर ठरवा, पण आदल्या दिवशी मुंबईत या, रात्री पाय उशीवर ठेवून नीट झोपू द्या आणि दुसऱ्या दिवशी निघा.

आता टूरच्या कागदाकडे बघू. त्यात ‘प्रवासाचे दिवस’ लिहिलेले असतात, सलग बैठक किती तासांची ते कुणी लिहीत नाही. मी लोकांना तेवढंच विचारायला सांगतो : सगळ्यांत लांबची बैठक किती? एकूण तास वाढले तरी चालतील, मधे मुक्काम पडले तरी चालतील, ती एक बैठक छोटी झाली पाहिजे. मुंबई ते अमेरिकेचा पश्चिम किनारा म्हणजे एक विमान बदलून वीस तासांच्या पुढे, त्यात एक टप्पा पुष्कळदा चौदा-पंधरा तासांचा. यजमानांसाठी हा मार्ग मला मान्य नाही.

माझी सगळी नोकरी जहाजावर पर्सरच्या काउंटरवर झाली. प्रवासी चढायच्या दिवशी, त्याच सकाळी विमानातून उतरून थेट बंदरावर आलेली माणसं लगेच ओळखू यायची. बुटांच्या नाड्या सोडलेल्या, गळ्यात अजून विमानातली उशी आणि पहिला प्रश्न, ‘खोली मिळाली का?’ त्यातल्या काहींच्या बॅगा मधल्या विमानतळावरच राहिलेल्या असायच्या. जहाज संध्याकाळी सुटायचं ते सुटायचंच, त्यामुळे पुढच्या बंदरात बॅग येईपर्यंत अंगावरच्या कपड्यांत दिवस काढायचे. कपड्यांचं एक वेळ भागतं. ब्लड प्रेशरच्या गोळ्या बॅगेत राहिल्या की आम्ही माणसाला जहाजाच्या दवाखान्यात पाठवायचो आणि तिथे तीच गोळी, त्याच ताकदीची असेलच असं नाही. डॉक्टरांना बघायचे पैसेही डॉलरमध्ये खात्यावर चढतात. म्हणून औषधं कायम हातातल्या पिशवीत आणि बंदराच्या गावात निदान एक रात्र आधी. आम्हा खलाशांनासुद्धा जहाजावर चढायच्या आदल्या रात्री हॉटेलात ठेवायची पद्धत आहे. तरण्या खलाशाला लागते ती झोप बहात्तरच्या माणसाला लागणार नाही का?

अलास्काची घड्याळाची बाजूही बघा. उन्हाळ्यात अलास्का आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं. तिथल्या ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर सकाळी जहाजावर येतात, ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात आणि लोक डेकवर ब्लँकेट घेऊन उभे असतात. तिथे सकाळचे दहा वाजले की आपल्या शरीराच्या घड्याळात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. नेमक्या त्या वेळी खोलीत पडदा ओढून झोपलेली आपली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना उठवायला जाण्याचा अधिकार मला नव्हता, पण वाईट वाटायचं. आयुष्यभर साठवलेल्या पैशांतून आलेली असायची ती.

मग करायचं काय? आधी बंदर ठरवा. तुमच्यासाठी मी इंग्लंडमधलं साउदॅम्प्टन ठरवीन. मुंबई ते लंडन थेट विमान साधारण दहा तासांचं. डॉक्टरांना तेही जास्त वाटलं तर दुबईला उतरा. मुंबई-दुबई तीन-सव्वातीन तास, तिथे दोन रात्री, मग दुबई-लंडन सात-साडेसात तास. सगळ्यांत लांबची बैठक साडेसातावर आली. लंडनमध्ये तीन दिवस काहीही ‘साइटसीइंग’ न करता राहा, जवळच्या बागेत चाला. वॉटर्लू स्टेशनवरून साउदॅम्प्टनला आगगाडीने सव्वा ते दीड तास. तिथे पाच क्रूझ टर्मिनल आहेत, तिकिटावर कोणतं आहे ते बघून टॅक्सी करा, कारण सगळी एका ठिकाणी नाहीत.

साउदॅम्प्टनहून उन्हाळाभर नॉर्वेच्या सात रात्रींच्या सफरी निघतात. एक पूर्ण दिवस उत्तर समुद्रात, मग स्टाव्हँगर, ओल्डन, बर्गन, गेइरांगर अशी बंदरं. ओल्डनहून बस करून ब्रिक्सडालच्या हिमनदीजवळ जाता येतं. चढणीचा बराच भाग छोट्या उघड्या गाड्यांतून होतो, त्यामुळे बदललेल्या गुडघ्यांनाही जमण्यासारखं आहे. गेइरांगरचा फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. अरुंद पाण्याच्या दोन्ही बाजूंना कडे आणि कड्यांवरून धबधबे, आणि हे सगळं खुर्ची डेकवर ओढून बघता येतं.

पण ताई, तुम्ही लिहिलंय ‘समुद्रात कोसळताना’. नॉर्वेच्या या सफरीत तसं दिसणार नाही, तिथल्या हिमनद्या डोंगरातच थांबतात. टूरवाला ‘तेच आहे हो’ म्हणेल, ते तेच नाही. बर्फ पाण्यात कोसळताना बघायचाच असेल, तर साउदॅम्प्टनहूनच आइसलंड आणि ग्रीनलंडकडे जाणाऱ्या लांबच्या काही मोजक्या सफरी असतात, दोन आठवड्यांच्या पुढच्या, जुलै-ऑगस्टच्या सुमाराला. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला प्रिन्स क्रिश्चन सुंद नावाची खाडी आहे. तिच्यातून जाताना हिमनद्या थेट पाण्यापर्यंत आलेल्या दिसतात आणि जहाज हिमखंडांच्या मधून हळूहळू चालतं. वाटेत बर्फ जास्त असेल तर कप्तान त्या खाडीत शिरत नाही, बाहेरून वळसा घालतो. कडा आपण तिथे असतानाच कोसळेल अशी खात्री अलास्कातही कुणी देत नाही. ही सफर लांब आणि महाग आहे, पण विमान लंडनपर्यंतच. यजमानांच्या इच्छेला सर्वांत जवळची, तरी त्यांच्या पायांना सोसेल अशी वाट मला हीच दिसते.

व्हिसाचं आधी बघा. ब्रिटनचा व्हिसा, परत साउदॅम्प्टनलाच उतरायचं असल्यामुळे एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा. नॉर्वे, आइसलंडला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. ग्रीनलंड मात्र शेंगेनमध्ये मोडत नाही, तिथे चालणारा व्हिसा वेगळा मागावा लागतो आणि पासपोर्टवर तसं लिहिलेलं असावं लागतं. एजंटकडून हे लेखी घ्या.

अलास्काच हवी असा यजमानांचा हट्टच असेल, तर सिएटल सोडून कॅनडातलं व्हँकुव्हर निवडा. लंडनला मुक्काम करून लंडन-व्हँकुव्हर साडेनऊ-दहा तास. व्हँकुव्हरच्या विमानतळावरून मेट्रो पंचवीसेक मिनिटांत वॉटरफ्रंट स्टेशनला आणते आणि जहाजाचा धक्का तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कॅनडा आणि अमेरिका दोन्ही व्हिसा लागतील. सिएटलहून निघालात तरी कॅनडाचा व्हिसा सुटत नाही, कारण अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजाला अमेरिकेतून निघून तिथेच परतणाऱ्या फेरीत मधे दुसऱ्या देशाच्या बंदराला लागावं लागतं आणि ते बंदर बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते. दर वेळी मुंबई ते न्यूयॉर्क सोळा तासांचं विमान आणि नंतर आठ-दहा दिवस रात्री दोनला टक्क जागं. नात विचारते, ‘आजी दिवसा का झोपते?’ इंग्लंडहून अमेरिकेला अजून बोट जाते असं ऐकलं, खरं का? (नाशिक)

उत्तर : अगदी खरं. आणि तुमच्यासारख्यांनी ती बोट जरूर विचारात घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

जहाजाचं नाव क्वीन मेरी टू. २००४ पासून चालू आहे. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क, बहुधा सात रात्री, मधे एकही बंदर नाही. बाकीची जहाजं सहलीसाठी बांधलेली, हे समुद्र ओलांडण्यासाठी बांधलेलं. लांबी ३४५ मीटर, नाळ म्हणजे पुढचं टोक लांब आणि निमुळतं, बूड खोल, वेग इतरांपेक्षा जास्त. अटलांटिकच्या लाटांत फरक जाणवतो, असं त्यावर काम केलेले माझे दोस्त सांगतात आणि आमच्या धंद्यातला माणूस दुसऱ्याच्या जहाजाचं उगाच कौतुक करत नाही.

तुमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट घड्याळाची. इंग्लंड आणि न्यूयॉर्कमध्ये पाच तासांचा फरक. पश्चिमेकडे जाताना पाच रात्री मध्यरात्रीनंतर घड्याळ एकेक तास मागे करतात. म्हणजे पाच रात्री एक तास जास्त झोप. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात उतराल तेव्हा शरीर न्यूयॉर्कच्या वेळेवर आलेलं असेल आणि नातीला दिवसा खेळायला आजी मिळेल. उलट बाजूने, न्यूयॉर्कहून इंग्लंडला, घड्याळ दुपारी बाराला पुढे ढकलतात. बाराचा एक वाजतो, म्हणजे झोप मोडत नाही पण दिवस आखूड होतो. म्हणून माझा सल्ला असा की जाताना बोट घ्या आणि येताना विमान. न्यूयॉर्क-लंडन वारा पाठीशी असल्यामुळे सात तासांच्या आत-बाहेर, लंडनला दोन-तीन रात्री, मग मुंबई नऊ तास. बोट दोन्हीकडून घेतली तर खर्चही दुप्पट आणि खोलीतली सोबत नीट जमत नसेल तर चौदा रात्री जड जातात.

लंडनला मुलाबाळांपैकी कुणी नसेल तर वॉटर्लूजवळच्या हॉटेलात दोन रात्री राहा. सामानाचं विमानासारखं काटेकोर वजन नाही, त्यामुळे मुलीला न्यायचे पापड, मेतकूट, गोडा मसाला आनंदाने न्या, पण मुंबई-लंडनच्या विमानाचं वजन लक्षात ठेवूनच. अमेरिकेत उतरताना खाद्यपदार्थ कस्टमला आधी सांगायचे. बिया, ताजी फळं, भाजी अजिबात नको. व्हिसा नेहमीचाच, बी-वन बी-टू. पुष्कळांना वाटतं जहाजाने गेलं की वेगळा लागतो, तसं नाही. ब्रुकलिनच्या धक्क्यावरच इमिग्रेशनचे अधिकारी असतात. परतीच्या विमानाचं तिकीट छापून जवळ ठेवा, एकेरी बोटीचं तिकीट पाहून ते विचारणारच.

उतरायच्या दिवशी पहाटे लवकर उठा, झोप गेली तरी चालेल. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावर व्हेराझानो-नॅरोज पूल आहे. भरतीच्या वेळी जहाजाचं धुराडं आणि पुलाचा तळ यांत जेमतेम तीन-चार मीटर अंतर राहतं. अंधारात पूल जवळ येत जातो, वरचे दिवे डोक्यावरून सरकतात आणि ते धुराडं आता लागणार म्हणून सगळा डेक श्वास रोखतो. त्यानंतर थोड्याच वेळात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. धक्का ब्रुकलिनच्या रेड हुक भागात आहे, एडिसनहून मुलगी तास-दीड तासात गाडी घेऊन येईल.

महिना मे ते सप्टेंबरमधला घ्या. जूनच्या आसपास न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला धुकं लागतं आणि जहाज भोंगा देत चालतं, त्याने घाबरू नका. डिसेंबरात भाडं कमी दिसेल, पण उत्तर अटलांटिकचा हिवाळा पहिल्याच समुद्रप्रवासाला नको.

वसंतात आणि शरदात दुसरीही जहाजं अटलांटिक ओलांडतात. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात फिरणारी जहाजं ऑक्टोबर-नोव्हेंबरात बार्सिलोना किंवा रोमजवळच्या चिव्हिटाव्हेकियाहून फ्लोरिडाला जातात आणि एप्रिल-मेमध्ये परततात. बारा ते पंधरा रात्री, मधे मदेइरा किंवा कॅनरी ही बेटं. जहाज तसंही न्यायचंच असतं, म्हणून रात्रीमागे भाडं पुष्कळदा कमी. पण पाच-सहा दिवस नुसतं पाणी असतं. वाचनाची, पत्त्यांची, गप्पांची आवड असेल त्यालाच ते मानवतं.

प्रश्न : आमचे आजोबा शिकायला विलायतेला बोटीने गेले होते, बॅलार्ड पिअरवरून. मला विमानात बंदिस्त जागेची भीती वाटते, चढूच शकत नाही. डोंबिवलीहून विमानाशिवाय बोटीने परदेश होईल का? (डोंबिवली)

उत्तर : आजोबांची बोट एडन, सुएझ करत मार्सेलला लागली असेल. घाई असलेले लोक तिथे उतरून आगगाडीने फ्रान्स पार करत आणि बाकीचे जिब्राल्टरला वळसा घालून इंग्लंडपर्यंत बोटीतच बसत. मुंबईहून युरोपला अशी नियमित प्रवासी बोट आता नाही. जगप्रदक्षिणेला निघालेली जहाजं जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान मुंबईला किंवा कोचीला लागतात आणि काही कंपन्या त्यांचा एखादा टप्पा विकतात. पण नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि पुष्कळ क्रूझ कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला किंवा सफरी रद्द केल्या. त्यामुळे त्या भरवशावर रजा टाकू नका, असंच सांगेन.

तरी तुमचा परदेश होईल. कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जातं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर दर्या खवळलेला असतो. त्या काळात हे जहाज चेन्नईला नेतात, आणि चेन्नईहून श्रीलंकेच्या हंबनटोटा, त्रिंकोमाली, कांकेसंथुराई बंदरांच्या सफरी त्याने केल्या आहेत. चालू वर्षाचं वेळापत्रक बघा. सीएसएमटीहून चेन्नईला रेल्वेने जायचं आणि तिथून बोटीने परदेश, विमानाचा संबंध नाही. तमिळनाडूतल्या नागपट्टिणमहून कांकेसंथुराईची फेरीबोटही आहे, ऑगस्ट २०२४ पासून पुन्हा सुरू झालेली, सुमारे चार तासांची. जाफना त्या बंदराच्या अगदी जवळ.

पहिली सफर मात्र मुंबई-लक्षद्वीप करा. डोंबिवलीहून रविवारी सकाळी लोकलने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर फार तर दहा मिनिटं. खोली घेताना खिडकीची किंवा बाल्कनीची घ्या. स्वस्त पडते म्हणून आतली घेऊ नका, दार लावल्यावर तिथे दिवसरात्र कळत नाही आणि तुमचा त्रास बंदिस्त जागेचाच आहे. लक्षद्वीपला जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. होडी उघडी असते, तुम्हाला चालेल. एक सांगतो, विमानाच्या भीतीवर उपचार होतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. बोटीचा मार्ग आहे म्हणून तो रस्ता बंद करू नका.

प्रश्न : मी मेलबर्नला असतो, आईबाबा साताऱ्याला, वय अडुसष्ट आणि चौऱ्याहत्तर. बाबांना बारा तासांचं विमान झेपत नाही. सिंगापूरहून बोट मिळेल का? (मेलबर्न)

उत्तर : मिळेल, महिना साधला तर. आशियात फिरणारी काही जहाजं ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यासाठी सिंगापूरहून तिकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुंबई-सिंगापूर साडेपाच तास. तिथे दोन रात्री राहायचं, मग साधारण दोन आठवडे बोट, वाटेत बाली, डार्विनसारखी बंदरं आणि शेवट बहुधा सिडनी किंवा ब्रिस्बेन. विषुववृत्त ओलांडताना जहाजावर समुद्रदेवाची पूजा म्हणून खलाशी नाटक करतात, थंड पाणी ओततात, मोठी मजा असते. बाबांना पुढच्या रांगेत खुर्ची मिळवून द्या. सिडनीहून मेलबर्न विमानाने दीड तास.

पण आईबाबांना दोघांनाच चढवू नका. तू सिंगापूरला ये आणि त्यांच्याबरोबर परत जा, किंवा साताऱ्याचंच एखादं ओळखीचं जोडपं सोबत दे. इंग्रजी घोषणा, दुर्बोध बिलं, शाकाहारी जेवणासाठी रोज वेटरला समजावणं, हे दोन आठवडे एकट्याने पेलताना माणूस खोलीतच बसायला लागतो. मी अशा आया पाहिल्या आहेत, तीन वेळा फळं खाऊन राहणाऱ्या. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून घे आणि पहिल्या संध्याकाळी डायनिंग हॉलच्या मॅनेजरला प्रत्यक्ष भेट. तो माणूस मनावर घेतो, आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी डाळभात येतो. विम्यात बाबांचा जुना आजार लपवू नका. समुद्रातून माणूस हलवायची वेळ आली तर तो खर्च कुणाच्याही खिशाला परवडणारा नाही आणि लपवलेल्या आजारावर कंपनी पैसे देत नाही.

प्रश्न : विमान टाळून बोट घेतली आणि बोट लागली तर? मला आंबोली घाटातसुद्धा गाडी लागते. (कोल्हापूर)

उत्तर : घाटात गाडी लागते त्याला बोट लागेलच असं नाही. मोठ्या जहाजाचं हलणं संथ असतं. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. वरची बाल्कनी महागही असते आणि तीच जास्त झुलते. पोट रिकामं ठेवू नका. आम्ही काउंटरवर सुकी बिस्किटं आणि हिरवी सफरचंदं ठेवायचो, ती उगाच नव्हे. आलेपाक घरून न्या. डोकं जड वाटू लागलं की पुस्तक, मोबाइल बंद करून डेकवर जा आणि क्षितिजाकडे बघत उभे राहा. ॲव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही, ती आधी घ्यायची असते. तिने झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. तुम्हाला चालणार असेल तर एखाद्या रविवारी घरीच घेऊन बघा, किती गुंगी येते ते कळेल.